बातमी आली, भाव पळाला, मग कंपनीचा खुलासा आला: खरं कोणतं मानायचं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एका आर्थिक दैनिकात मंगळवारी सकाळी बातमी आली की एका मध्यम आकाराच्या कंपनीचे प्रवर्तक, म्हणजे ती उभी करणारे आणि तिच्यावर ताबा असलेले मालक, आपल्याकडचा २६ टक्के हिस्सा जपानी भागीदाराला विकण्याची बोलणी करत आहेत. नाव कुणाचंच नाही, फक्त ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. दुपारपर्यंत शेअर अकरा टक्के वर गेला आणि प्रश्नकर्त्यांनी ४१२ रुपयांना दोनशे शेअर घेतले. बुधवारी संध्याकाळी कंपनीने बीएसईला, म्हणजे मुंबई शेअर बाजाराला, कळवलं, ‘कंपनी वेळोवेळी विविध धोरणात्मक संधींचा आढावा घेत असते. नियम ३० नुसार जाहीर करण्याजोगी कोणतीही घटना सध्या नाही.’ (नियम ३० म्हणजे महत्त्वाच्या घटना स्टॉक एक्स्चेंजला कळवण्याचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियम.) शुक्रवारी भाव ३७१. ते विचारतात, खोटं कोण बोललं, पेपर की कंपनी? आणि पुढच्या वेळी विश्वास कुणावर ठेवायचा? कंपनी बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० मध्ये नाही, हेही त्यांनी लिहिलं आहे. ही माहिती फार उपयोगाची आहे, तिच्याकडे परत येते.

मी कंपनी सेक्रेटरी आहे, म्हणजे कंपनीकडून कायदे आणि नियम पाळले जातात का ते बघणारी अधिकारी. चोवीस वर्षं पुणे आणि मुंबईतल्या लिस्टेड कंपन्यांत काम केलं. स्टॉक एक्स्चेंजला जाणारी असली पत्रं माझ्या सहीने गेली आहेत. त्यामुळे हे टेबलाच्या आतल्या बाजूने सांगते.

‘पेपर की कंपनी’ असा प्रश्न पडतो, कारण आपण दोघांना दोन स्वतंत्र साक्षीदार समजतो. प्रत्यक्षात ते एकमेकांना ऐकून बोलत असतात. बातमी छापून येणार म्हणून कंपनी तोंड उघडते, आणि कंपनी काय लिहून देते त्यावर दुसऱ्या दिवशीची बातमी उभी राहते. तुमच्या प्रसंगात कदाचित दोघंही खोटं बोललेले नाहीत. पेपरने बोलणी चालू असल्याचं लिहिलं. कंपनीने जाहीर करण्याजोगं काही नसल्याचं लिहिलं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. तुमचे पैसे गेले ते या दोन वाक्यांमधल्या जागेत.

आता ही जागा तयार कशी होते ते बघू. हिस्साविक्रीची बातमी बाहेर पडते तेव्हा ती कुणीतरी बाहेर पाडलेली असते. व्यवहारात तो जुळवून देणारे मर्चंट बँकर असतात, दोन बाजूंचे वकील असतात, कर्ज देणाऱ्या बँका असतात, आणि ज्याची बोली मागे पडली आहे असा तिसरा इच्छुकही असतो. कधी विकणाऱ्यालाच भाव वाढवून हवा असतो, कधी हरणाऱ्याला व्यवहार मोडायचा असतो. चांगला पत्रकार दोन-तीन ठिकाणी खातरजमा करतो आणि मग कंपनीला ईमेल पाठवतो. ‘कंपनीला पाठवलेल्या ईमेलला वृत्त छापेपर्यंत उत्तर मिळालं नाही’ हे वाक्य बातमीच्या शेवटी असतं, ते दुर्लक्षून पुढे जाऊ नका. बातमी करणाऱ्याने विचारणा केली होती, एवढं त्यातून कळतं. ते वाक्यच नसेल तर मी त्या बातमीला खूप कमी वजन देते.

असा ईमेल साधारण संध्याकाळी सहा-साडेसहाला येतो आणि उत्तर नऊपर्यंत हवं असतं. तो आला की आत काय होतं? जनसंपर्क संस्था तो मला पुढे पाठवते. मी व्यवस्थापकीय संचालकांना फोन करते, वित्तप्रमुखांना करते. पहिला प्रश्न ‘हे खरं आहे का’ हा नसतो, कारण ते बहुधा आम्हाला माहीत असतं. पहिला प्रश्न असतो, ‘हे कुणाकुणाला ठाऊक होतं?’ आतल्या माहितीवर शेअरची खरेदी-विक्री (इनसायडर ट्रेडिंग) रोखणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणे भावावर परिणाम करू शकेल अशी अप्रकाशित माहिती ज्यांच्यापर्यंत पोचली, त्यांची नावं तारीख-वेळेसह एका डिजिटल नोंदवहीत ठेवावी लागतात. ती उघडायची, नावं तपासायची, कोणाची नोंद राहिली असेल तर ती समजून घ्यायची. पत्रकाराच्या एका ईमेलमुळे आतली ही शिस्त ताळ्यावर येते. ती बातमी कधी छापूनही येत नाही, पण तेवढ्यानेच कंपनीचं वागणं बदलतं. बातमीदारीचा हा परिणाम बाहेरून दिसत नाही, आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोठा आहे.

मग बातमी छापून येते, भाव हलतो आणि एक्स्चेंजचं पत्र येतं: अमुक तारखेच्या अमुक मथळ्याच्या बातमीबाबत खुलासा करा. ही विचारणा बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर दिसतेही. आता मला उत्तर लिहायचं आहे. समजा बोलणी खरंच चालू आहेत. ‘बातमी निराधार आहे’ असं मी लिहू शकत नाही. ते खोटं ठरलं तर फसवणुकीच्या नियमांखाली कंपनी, संचालक आणि मी स्वतः अडचणीत येऊ. ‘होय, बोलणी चालू आहेत’ असं लिहिलं आणि पुढच्या महिन्यात व्यवहार फिसकटला, तर त्या वाक्यावर विसंबून शेअर घेतलेल्यांना काय सांगायचं? शिवाय समोरच्या पक्षाशी गोपनीयतेचा करार झालेला असतो. म्हणून तिसरं वाक्य जन्माला येतं, जे तुमच्या कंपनीने लिहिलं. ‘जाहीर करण्याजोगी’ हा शब्द तिथे कायदेशीर अर्थाने आलेला आहे. कंपनी स्वतः एखादा उद्योग विकत घेते किंवा विकते, तेव्हा जाहीर करण्याची वेळ सहसा संचालक मंडळाच्या मंजुरीनंतर किंवा करारावर सही झाल्यावर येते. त्याआधीची बोलणी, चाचपणी, हिशेबतपासणी हे सगळं त्या शब्दाच्या बाहेर राहतं.

याचा अर्थ असं वाक्य दिसलं की आत काहीतरी शिजतंय असा काढू नका. इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की हे कंपनीगणिक बदलतं. काही कंपन्या काहीही चालू नसतानासुद्धा हेच वाक्य सवयीने चिकटवतात, कारण त्यांच्या वकिलांनी एकदा मसुदा करून दिलेला असतो. काहींचा रिवाज स्पष्ट नकाराचा असतो. म्हणून एकच खुलासा वाचून उपयोग नाही. त्याच कंपनीने गेल्या चार-पाच वर्षांत बातम्यांना काय उत्तरं दिली आणि पुढे काय घडलं, हे काढून बघा. सगळं संकेतस्थळावर पडून आहे, एक संध्याकाळ लागते. जी कंपनी एरवी ‘निराधार’ असं ठामपणे लिहिते, तीच या वेळी ‘आढावा घेत असते’ लिहीत असेल, तर तो फरक बोलका आहे.

अफवांबाबत सेबीने अलीकडे मोठा बदल केला. पूर्वी कंपनीने बातमीवर बोलावं की नाही हे बरंचसं तिच्या मर्जीवर होतं, एक्स्चेंजने विचारलं तरच उत्तर देणं भाग पडे. १ जून २०२४ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना, आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना, मुख्य प्रवाहातल्या माध्यमांतल्या बातमीमुळे शेअरच्या भावात लक्षणीय हालचाल झाली, तर २४ तासांच्या आत ती बातमी मान्य करणं, नाकारणं किंवा तिच्यावर खुलासा करणं बंधनकारक झालं. ‘लक्षणीय’ म्हणजे किती, हे शेअरच्या भावाप्रमाणे ठरतं. कमी भावाच्या शेअरला जास्त टक्क्यांची मुभा आहे, आणि बाजाराचा निर्देशांकच हलला असेल तर तेही हिशेबात घेतलं जातं.

पण या नियमाचा गाभा २४ तासांत नाही. आधी कंपन्या खरी बातमीसुद्धा मान्य करायला का घाबरत? कारण मान्य केलं की भाव चढतो. दुसऱ्या कंपनीचा ताबा घेणं (अधिग्रहण), कंपनीने स्वतःचेच शेअर परत घेणं (पुनर्खरेदी), नव्या शेअरची विक्री, यांचे दर नियमांप्रमाणे आधीच्या बाजारभावाशी जोडलेले असतात. बातमीने भाव चढला की व्यवहार महागतो आणि मोडतो. म्हणजे खरं बोलण्याची शिक्षा व्यवहाराला मिळायची. आता कंपनीने २४ तासांत बातमीला दुजोरा दिला, तर बातमीमुळे भावात आलेला फुगवटा दर ठरवताना बाजूला काढता येतो. मला ही तरतूद मनापासून आवडते. सेबीने इथे दरडावण्याबरोबर खरं बोलण्याच्या आड येणारी अडचणही दूर केली.

तुमची कंपनी २५० च्या बाहेर आहे. म्हणजे हे २४ तासांचं बंधन तिच्यावर नाही. एक्स्चेंजने विचारल्यावर उत्तर मात्र तिला द्यावंच लागतं, आणि तिने ते दिलं.

ते उत्तर आता पुन्हा वाचा. बातमी कुणाबद्दल होती? प्रवर्तकांबद्दल. हिस्सा विकायचा होता तो प्रवर्तकांचा. खुलासा कुणाबद्दल आहे? ‘कंपनी’ संधींचा आढावा घेते. प्रवर्तकांनी आपले शेअर विकणं हा कंपनीचा व्यवहार नाहीच. विकणारे ते, घेणारा तिसरा, कंपनी फक्त त्या शेअरवरचं नाव. म्हणजे बातमीत विचारलेल्या प्रश्नाला या पत्रात उत्तरच नाही. ‘आम्ही प्रवर्तकांकडे विचारणा केली असून त्यांनी असं कळवलं आहे की…’ अशा अर्थाचं वाक्य तिथे हवं होतं. असा खुलासा मसुद्यात आला असता तर मी तो तसा जाऊ दिला नसता, कारण एक्स्चेंजला दिलेलं उत्तर विचारलेल्या प्रश्नाचंच असलं पाहिजे. मोठ्या कंपन्यांसाठीच्या नव्या नियमांत प्रवर्तक, संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अफवेबाबत कंपनीच्या विचारणेला पुरेसं, अचूक आणि वेळेवर उत्तर द्यावं असं स्पष्टच लिहिलं आहे.

आणि २६ टक्के हा आकडाही ध्यानात घ्या. एखाद्याचा हिस्सा २५ टक्के किंवा त्याहून वर गेला की अधिग्रहणाच्या नियमांप्रमाणे त्याला बाकीच्या भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के घेण्याचा खुला देकार द्यावा लागतो. शेअर अकरा टक्के उसळला, त्यामागे ही अपेक्षा असणार. बाजाराने बातमी नीट वाचली होती. पुढचं सगळं ती खरी ठरण्यावर होतं.

खुलाशाचे शब्द किती बारकाईने वाचावे लागतात, याचं सार्वजनिक नोंदीतलं उदाहरण देते. १४ जून २०२१ ला एका आर्थिक दैनिकाने दिलं की अदानी समूहाच्या कंपन्यांत मोठी गुंतवणूक असलेल्या तीन परदेशी फंडांची खाती एनएसडीएलने (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था) गोठवली आहेत. त्या दिवशी अदानी एंटरप्रायझेसचा शेअर व्यवहार चालू असताना सुमारे २५ टक्के पडला आणि बंद होईपर्यंत बराचसा सावरला. समूहाने बातमी धडधडीत चुकीची असल्याचं एक्स्चेंजला कळवलं. त्या पत्रात लिहिलं होतं की ज्या डीमॅट खात्यांत हे फंड कंपनीचे शेअर ठेवतात ती गोठवलेली नाहीत, असं रजिस्ट्रारने, म्हणजे कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, लेखी कळवलं आहे. ‘ज्या खात्यांत कंपनीचे शेअर आहेत ती’ हे शब्द बघा. जुलैमध्ये सरकारने संसदेत सांगितलं की या फंडांची काही खाती सेबीच्या जून २०१६ च्या आदेशाने गोठवलेली होती, पण ती काही भारतीय कंपन्यांच्या जीडीआरच्या (परदेशात विकल्या जाणाऱ्या, शेअरवर आधारित पावत्या) प्रकरणात, आणि इतर कंपन्यांतल्या त्यांच्या गुंतवणुकीला तो आदेश लागू नव्हता. म्हणजे गोठवणूक झाली होती, पण बातमीतून वाचकाला वाटलं त्या अर्थाने नाही. कंपनीचं पत्रही त्याच्या शब्दांपुरतं बरोबर होतं. सकाळी दहाला घाबरून विकलेल्याला यातलं काहीच कळण्याचा मार्ग नव्हता. पहिल्या तासात बातमीवर खरेदी-विक्री करू नका असं मी लोकांना सांगते, त्याचं कारण हेच. त्या तासात आकडे आणि शब्द पडताळायला कुणालाच वेळ मिळालेला नसतो, पत्रकारालासुद्धा.

आतापर्यंतचं एका ओळीत: बातमीत नेमका प्रश्न कोणता उभा राहिला ते लिहून काढा आणि कंपनीचं पत्र त्याच प्रश्नाला उत्तर देतं का ते तपासा.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण छोट्या गुंतवणूकदाराचं खरं नुकसान तिथे होतं. बातमीमुळे कंपनी बोलते, हे खरं. मग ज्या कंपनीबद्दल बातमीच येत नाही तिचं काय? बीएसईवर पाच हजारांहून जास्त कंपन्या लिस्टेड आहेत. अर्थवाहिन्या दिवसभर ज्यांची नावं घेतात त्या शंभर-दीडशे. कोल्हापूर, इचलकरंजी, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या कितीतरी लिस्टेड कंपन्यांवर मुंबईतल्या अर्थपत्रकारांची नजर वर्षातून एकदाही जात नाही. तिथे आतल्या माणसाला संध्याकाळी साडेसहाचा तो ईमेल कधीच येत नाही. खुलासे नियमापुरते होतात, निकालाच्या पानांवरच्या टिपा त्रोटक असतात, आणि चूक झाली तर दाखवणारं कुणी नसतं.

अशा कंपन्यांसाठी माझ्या अनुभवात सगळ्यांत कामाची माहिती अर्थवाहिनीवर मिळत नाही, ती मराठी दैनिकांच्या जिल्हा आवृत्तीत असते. मी एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत असताना आमच्या एका कारखान्यात रात्री आग लागली. कुणी जखमी झालं नाही, पेंट शॉपचा एक भाग जळाला. व्यवस्थापनाचं मत पडलं की विमा आहे, नुकसान किरकोळ आहे, कळवायची गरज नाही. नियम असा आहे की आग, पूर, संप यांमुळे उत्पादन थांबलं आणि परिणाम मोठा असेल, तर २४ तासांत कळवायचं. ‘मोठा’ कशाला म्हणायचं यावर आम्ही सकाळी वाद घालत होतो, आणि तोवर स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर फोटोसह बातमी आली होती: आग, अग्निशमनाचे चार बंब, उत्पादन बंद. दुपारी ती एका अर्थविषयक संकेतस्थळाने उचलली आणि एक्स्चेंजची विचारणा आली. मग संध्याकाळी आम्ही कळवलं. तेव्हा उत्पादन पूर्ववत व्हायला दहा दिवस लागतील हे स्पष्ट झालेलं होतं, म्हणजे सकाळीच कळवायला हवं होतं. मी तेव्हा पुरेसा आग्रह धरला नाही, याची मला आजही खंत आहे. कारखान्याच्या गावातल्या भागधारकाला ती माहिती सकाळी चहाबरोबर मिळाली. चेन्नईतल्या भागधारकाला मिळाली नाही. सगळ्यांना एकाच वेळी कळावं, यासाठीच तर हे सगळे नियम आहेत.

तेव्हापासून मी सांगत आले आहे की छोटी कंपनी घेताना तिचे कारखाने कुठे आहेत ते वार्षिक अहवालातून काढा आणि त्या तालुक्याच्या बातम्या वाचा. वेतनकरार अडला, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली, पाणीकपात झाली, जमिनीचा वाद कोर्टात गेला. यातल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम तिमाही निकालात यायला दोन-तीन महिने लागतात.

बातमी कंपनीला बोलतं करते तशी कंपनीही बातमी घडवते. तिमाही निकालाचा दिवस घ्या. संचालक मंडळाची बैठक संपल्यावर ३० मिनिटांत निकाल एक्स्चेंजला द्यावे लागतात. बैठक बाजाराच्या वेळेनंतर संपली तर आता तीन तास मिळतात. त्याच वेळी कंपनी प्रसिद्धिपत्रक काढते. वाहिनीवरच्या माणसाकडे पट्टी चालवायला काही मिनिटं असतात आणि निकालाची फाइल असते तीस-चाळीस पानांची. तो प्रसिद्धिपत्रकाचा मथळा उचलतो, त्यात त्याचा दोषही नाही. मी अशी पत्रकं तयार होताना पाहिली आहेत. वर्षभरापूर्वीच्या तिमाहीशी तुलना चांगली दिसत असेल तर ती वर येते, मागच्या तिमाहीशी चांगली दिसत असेल तर ती. जमीन विकून आलेला एकरकमी नफा मथळ्यातल्या ‘नफा दुप्पट’ मध्ये मिसळून जातो. निकालाच्या तक्त्यात तो ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत वेगळा दाखवलेलाच असतो, म्हणजे लपवलेलं काही नाही. फक्त बातमीत ती ओळ येत नाही.

म्हणून निकाल वाचताना मी मथळ्याकडे शेवटी बघते. आधी लेखापरीक्षकांचा अहवाल, त्यात कुठे वेगळा परिच्छेद घालून लक्ष वेधलं आहे का. मग तक्त्याखालच्या टिपा. कराचा वाद, येणं बुडण्याची शक्यता, उपकंपनीला दिलेलं कर्ज, सगळं तिथे बारीक अक्षरांत असतं. या दोन गोष्टी वाचायला वीस मिनिटं लागतात.

जास्त प्रसिद्धीने जास्त माहिती मिळते असंही नेहमी होत नाही. मी ज्या कंपनीत होते तिथल्या व्यवस्थापकीय संचालकांनी विश्लेषकांशी बोलताना एकदा म्हटलं, ‘बाजार असाच राहिला आणि नवी लाइन वेळेत सुरू झाली, तर वाढ वीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते.’ दुसऱ्या दिवशीचा मथळा: ‘कंपनीचं वीस टक्के वाढीचं लक्ष्य’. लाइन उशिरा सुरू झाली, वाढ अकरा टक्के झाली, शेअर आपटला आणि ‘लक्ष्य चुकलं’ अशा बातम्या आल्या. त्यानंतर त्यांनी भविष्याबद्दल आकडा सांगणं कायमचं बंद केलं. नुकसान कुणाचं झालं? अटी लक्षात घेऊन तो आकडा वापरू शकणाऱ्या गुंतवणूकदाराचं. म्हणून मूळ बोलणं ऐका. निकालानंतर विश्लेषकांशी फोनवर होणाऱ्या चर्चेचं ध्वनिमुद्रण आणि लेखी उतारा संकेतस्थळावर टाकणं २०२२ पासून बंधनकारक आहे. पूर्वी हे बोलणं त्या फोनवर असलेल्या पन्नास-साठ विश्लेषकांपुरतं राहायचं. आता सांगलीतला माणूस तेच शब्द ऐकू शकतो, आणि ‘जर-तर’ सकट ऐकू शकतो.

बातमी देणाऱ्याचं हित कुठे आहे हेही बघायला हवं. माध्यमसमूह जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेत असत, म्हणून सेबीने २०१० मध्ये अशा कंपनीबद्दल बातमी देताना आपला हिस्सा जाहीर करण्याचं बंधन घातलं. जानेवारी २०२१ मध्ये एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकावर, कार्यक्रमात शिफारस करण्याआधी कुटुंबीयांच्या खात्यातून तेच शेअर घेतल्याच्या आरोपावरून, सेबीने अंतरिम आदेश काढला. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये रॉयटर्सने दाखवून दिलं की काही कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअॅप गटांत फिरत होते. त्या प्रकरणातल्या संदेश पुढे पाठवणाऱ्यांवरची कारवाई पुढे अपिलात टिकली नाही, कारण तो आकडा कंपनीतूनच फुटला हे सिद्ध करता आलं नाही. पण कंपन्यांच्या आत निकालाच्या आकड्यांवरची पहारेदारी त्या एका बातमीनंतर किती कडक झाली, ते मी जवळून पाहिलं आहे. वित्त विभागात मसुदा किती जणांना दिसतो याची यादी आम्ही निम्म्यावर आणली.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगते. कंपनी मुळातच खोटे आकडे देत असेल तर बातमी आणि खुलासा यांची तुलना करून काही हाती लागत नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं, तोवर ते आकडे लेखापरीक्षकांच्या सहीसह प्रसिद्ध होत होते आणि माध्यमं तेच छापत होती. तरीही तीन आठवडे आधी, १६ डिसेंबर २००८ ला, राजू कुटुंबाच्याच मेटास कंपन्या विकत घेण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर गुंतवणूकदारांनी आणि माध्यमांनी जो गदारोळ केला, त्याने तो व्यवहार काही तासांत मागे घ्यावा लागला. खोटी रोकड भरून काढायची ती शेवटची वाट होती, हे राजूंनीच त्या पत्रात लिहिलं.

आता तुमचे दोनशे शेअर. विकावेत की ठेवावेत हे मी सांगणार नाही. मी सल्लागार म्हणून नोंदणीकृत नाही आणि तुमची परिस्थितीही मला माहीत नाही. हे मात्र करा. ३७१ रुपयांना, ही बातमी आलीच नसती तरी, तुम्ही हा शेअर घेतला असता का, ते गेल्या दोन वर्षांचे निकाल टिपांसकट वाचून ठरवा. मग कंपनीच्या गुंतवणूकदार तक्रारींच्या ईमेलवर, जो संकेतस्थळावर द्यावाच लागतो, दोन ओळी लिहा: बातमी प्रवर्तकांच्या हिश्श्याबद्दल होती, कंपनीने उत्तर देण्याआधी प्रवर्तकांकडे विचारणा केली होती का, आणि केली असल्यास त्यांचं उत्तर काय होतं? भाषा सौम्य ठेवा, बातमीची तारीख आणि बीएसईवरच्या पत्राची तारीख लिहा. उत्तर आलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठीच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. वार्षिक सभा आता बहुतेक कंपन्या व्हिडिओवरून घेतात. सभेची नोटीस आली की वक्ता भागधारक म्हणून नाव नोंदवायची शेवटची तारीख बघा आणि हाच प्रश्न तिथे विचारा. दोनशे शेअरवाल्यालाही तो हक्क आहे. मी ज्या सभांना बसले आहे तिथे असा नेमका प्रश्न आला की अध्यक्ष आधी माझ्याकडे बघतात, आणि मला फाइल उघडून उत्तर शोधावं लागतं.